मामाच्या जागी

आबांनी पाटावरची सुपारी उचलली आणि बंडीच्या खिशात टाकली. इतकंच झालं. आवाज नाही, रागावणं नाही. रस्त्यात पडलेली आपलीच वस्तू दिसावी तसे वाकले, उचलली, आणि गॅलरीतल्या आपल्या खुर्चीकडे चालू लागले. पाटावर विड्याची दोन पानं तेवढी उरली. सासूबाईंच्या मांडीवर रेवा नव्या झबल्याची बाही चावत होती, चांदीच्या वाटीत खीर निवत होती, आणि खालच्या मजल्यावरच्या चंदनबाई फोटोसाठी मोबाईल वर धरून तशाच थांबल्या होत्या. "अहो आबा," सासूबाई म्हणाल्या, "मामाला कुठे घेऊन चाललात?" कुणीतरी हसलं. मी हसले नाही. मला वाटलं, बरं झालं. आणि लगेच वाटलं, का बरं वाटलं?

माझ्या रेवाला सातवा महिना लागला होता आणि तिचं उष्टावण होतं. आमच्याकडे बाळाला अन्नाचा पहिला घास मामा भरवतो. रेवाचा मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ प्रेमराज. तो फौजेत आहे आणि त्या आठवड्यात सीमेवर कुठेतरी होता. कुठे, ते धुळ्याला आईलाही माहीत नव्हतं. लढाई सुरू झाली तसा त्याचा फोन बंद झाला. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की थांबली, पण रविवार उजाडला तरी फोन बंदच. दिवस आधीपासून ठरलेला, पाहुणे सांगितलेले. सासूबाईंनी सकाळी तोडगा काढला, मामाच्या जागी सुपारी ठेवू, पूजेला बायको हजर नसली तर ठेवतातच की. सुपारी मीच डब्यातून काढली. दोन-तीन हातात घेऊन पाहिल्या, त्यातली न किडलेली, चांगली गोल निवडली, धुऊन पुसून दिली. हातात होती तोवर ती सुपारीच होती. पाटावर गेली, तिला कुंकू लागलं, आणि ती मामा झाली. प्रेमराज लहानपणी असाच दिसायचा, तपकिरी, टणक. आई उन्हाळ्यात त्याचा चमनगोटा करायची आणि मी त्या डोक्यावर टिचक्या मारायचे. वाटलं, एवढासाच उरला का तो? पण चार माणसं बसलेली असताना सुनेच्या तोंडून जे निघत नाही, त्यातलंच ते. उठले ते आबा.

"जाऊ द्या हो मंदाबाई," चंदनबाई म्हणाल्या, "दुसरी ठेवा. सुपारीची काय टंचाई पडली?" पण सासूबाईंचं मन मोडलं होतं. उचललेल्या जागेवर दुसरी ठेवत नाहीत म्हणाल्या. मग पाहुणे वरण-बट्टी जेवले, रेवाच्या हातात पाकिटं कोंबून गेले, आणि जिच्यासाठी एवढं सगळं, ती आतल्या खोलीत माझं दूध पिऊन झोपली. योगराज, माझा नवरा, दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "मनाला लावून घेऊ नको. आबांचं वय झालं." आबा त्याचे आजोबा, तोताराम आबा, आजी गेल्यापासून गावचं घर सोडून आमच्याकडे जळगावला आलेले. वय झालं हे खरं. पण वय झालेली माणसं वस्तू कुठेतरी ठेवून विसरतात. नेमकी एकच वस्तू, नेमक्या वेळी उचलून नेत नाहीत.

या घरात आले तेव्हा आबांची गोष्ट मला विनोद म्हणूनच कळली होती. एकाहत्तरच्या लढाईत ते हरवले. बरोबरच्या एकाने पडताना पाहिलं, अशी बातमी बोदवडजवळच्या त्यांच्या गावात आली. घरात धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं. सुतक धरायचं की नाही हे एकदाचं ठरायला हवं होतं. मग देह मिळत नाही तेव्हा करतात तसं केलं. पळसाच्या पानांचा माणूस रचला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि जाळला. आजीच्या बांगड्या फुटल्या, तेरावं झालं, पुढे लग्नही झालं. आणि मग एक दिवस रेडिओवर कैद्यांची नावं सांगताना तोतारामचं नाव आलं. लढाई पंधरवड्याची, पण कैदी सुटायला वर्ष गेलं. आबा गावी पोचले तर पूजा सांगणाऱ्या महाराजांनी वेशीवरच अडवलं, मेलेला माणूस घरात घ्यायचा कसा? आधी जन्मायला हवा. तेव्हा मारुतीच्या पारावर त्या मिशाळ जवानाला त्याच्या आईच्या लुगड्यात गुंडाळलं, आईच्या मांडीवर निजवलं, जिभेला मध लावला, आत्यानं कानात कुर्र केलं, नाव पुन्हा तेच ठेवलं, आणि लगोलग उष्टावणही उरकलं. उरकलं म्हणजे काय, आबा तोंडच उघडेनात. त्यांचा मामा वाटी घेऊन ताटकळला आणि शेवटी ओठांना खीर फासून उठला. दुसऱ्या दिवशी आजीशी पुन्हा लग्न लावलं. आजी सांगायची, "एकाच मानसानं मले दोनदा फसोलं." यावर सगळे हसायचे. आबाही हसायचे, तोंड मिटून. मीही किती वेळा हसले असेन. त्या रविवारी दुपारी रेवाच्या शेजारी आडवी पडून, तिच्या झोपेतही दूध ओढणाऱ्या ओठांकडे पाहताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला. तोंड का उघडलं नसेल?

तोंड उघडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला रेवा झाल्यावर कळलं. तिच्या तोंडात जे जाईल ते ती घेते. बोट, चादर, माझ्या मंगळसूत्राची वाटी. कुणी दिलं, का दिलं, तिला घेणं नाही. मोठं माणूस मात्र दुसऱ्याच्या हातून खाताना जरासं लाजतं, मान मागे घेतं, एक क्षण तपासतं. या मधल्या काळात आपल्याला कोण काय शिकवतं? आबांची आणखी एक सवय मला आठवली. ते कुणालाही काही खायला देताना, अगदी गॅलरीच्या कठड्यावर येणाऱ्या खारीला केळ्याचा तुकडा देतानासुद्धा, आधी आपल्या खालच्या ओठाला लावतात. चाखत नाहीत, नुसता टेकवतात. लग्नानंतर मला ते जरा ओंगळ वाटलं होतं. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आखडलेली, दोन तर वळतच नाहीत. कपही ते मनगटांच्या मध्ये धरतात. घरात हे सगळं लढाईतलं म्हणून ठाऊक होतं. लढाईतलं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. सत्काराला बोलावतात, शाल देतात, विचारत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी, लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा, आमच्या हॉलमध्ये बरंच बोलणं झालं. योगराज वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे; त्या आठवड्यात सुट्ट्या रद्द होत्या आणि तो थकून, डोळे लाल करून आला होता. चंदनबाईंचा मुलगा पारस वर आला होता. तो सोफ्यावर मांडी घालून म्हणाला, "थांबायलाच नको होतं, भाऊ. घुसायचं होतं सरळ." पारसचं मला काही वाटत नाही, तो क्रिकेटबद्दलही असंच बोलतो. पण योगराज पाणी पिऊन शांतपणे म्हणाला, "अर्धवट सोडलं की पुन्हा होतं. चार-पाच वर्षांनी पुन्हा हेच. तेव्हा रेवा शाळेत जात असेल. आज थांबवून आपण तिच्या वाट्याला टाकलं की नाही?" मी म्हटलं, माणसं मरायची थांबली ना पण. तो म्हणाला, "फिरायला गेले असताना ज्यांचे नवरे डोळ्यांदेखत मारले त्या बायकांना जाऊन सांग, थांबलं ते बरं झालं म्हणून." त्याचं खोटं नव्हतं. पण मला आनंद झाला होता, इतका की बातमी ऐकताना दूध आपोआप सुटून ब्लाऊज भिजला होता. हे मत म्हणायचं का? की नुसतं बहीणपण? मी स्वतःला तपासून पाहिलं. समजा प्रेमराज धुळ्याच्या एखाद्या बँकेत कारकून असता, तर मीही सोफ्यावर मांडी घातली असती का? नक्की सांगता येईना. आणि ज्या गोष्टीचं उत्तर आपला भाऊ कुठे आहे यावर ठरतं, तिला बरोबर-चूक म्हणायचं तरी कसं? आबा टीव्हीकडे पाहत होते. त्यांनी एकच विचारलं, "कैदी किती धरले?" पारस हसला. "आबा, आता कैदी-बिदी नसतात. सगळं ड्रोन आणि मिसाईल." आबा म्हणाले, "नसतीन तर बरं."

सोमवारी दुपारी सासूबाई आडव्या झाल्या आणि मी रेवाला घेऊन गॅलरीत गेले. मे महिन्याची आग, समोरच्या टाक्यांवरून ऊन वितळून खाली येत होतं. गॅलरीच्या जाळीला आबांनी ओला टॉवेल बांधला होता आणि त्याच्या सावलीत ते केळं सोलत होते, तळहातांच्या कडांनी, सावकाश. मी विचारलं, "आबा, सुपारी का उचलली?"

"कोनती?"

"मामाची."

"मामाची म्हने!" ते म्हणाले. "सुपारी होती ती, बाई. खायची वस्तू."

"मग आहे कुठे?"

"खाल्ली."

"तुम्ही? दात कुठे आहेत?"

"चघळली दिसभर. चांगली होती. कोन निवडली?"

मी म्हटलं मीच, आणि मला इतकं हसू आलं की रेवा दचकली. आबा नाही हसले. त्यांनी केळ्याची साल नीट घडी घालून बाजूला ठेवली. "माह्यं डोकं नारळाचं केलं होतं," ते म्हणाले. "आल्यावर मायले इचारलं, नारळ कोनी आनला? माय म्हने, मीच. कानाशी हलवून, पानी पाहून, चांगला आनला म्हने. तुह्या डोक्याले खोबरं झालेला कसा ठेवू?" मला त्या बाईचं हलवणं दिसत राहिलं. बोदवडच्या बाजारात उभी राहून, मुलाच्या डोक्यासाठी, कानाशी धरून. आणि तिच्या शेजारी मी, डब्यातली न किडलेली निवडणारी. वाईट आम्ही काहीच केलं नव्हतं. आपल्या माणसासाठी चांगलं ते पाहूनच घेतलं होतं.

"आणि उष्टावणाला तोंड का नाही उघडलं?" मी विचारलं. विचारून टाकलं म्हणायला हवं. रेवा त्यांच्या बंडीचं बटण ओढत होती; त्यांनी तिला ओढू दिलं आणि तिच्याकडे पाहतच सांगितलं, मधेमधे थांबत, जणू तिनंच विचारलं होतं. पकडले गेले तेव्हा दोन्ही पंजे तोफेच्या तुकड्यांनी फुटलेले. पट्टी नाही. एका खोलीत ठेवून प्रश्न विचारायचे, तेच ते, कोणती पलटण, किती माणसं, पुढे कोण. मारायचे ते मारायचेच. त्याचं आबांना फार सांगायचं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते पाण्याचं. "पानी कोनी नही म्हने नही. समोर ठेवत. पितळी गिलास, काठोकाठ. म्हनत, पी ना. अन् दार लावून जात." त्यांनी आपले हात उचलून दाखवले, मग परत मांडीवर ठेवले. दातांनी काठ धरून प्यायला गेले तर पेला पडला. मग ते सांडलेल्या पाण्यावर ओणवे झाले. पुढचं त्यांनी जीभ थोडीशी बाहेर काढून दाखवलं, आणि रेवाला तो खेळ वाटला. तिनंही जीभ काढली.

पुढे दवाखान्यात हलवलं. तिथं एक म्हातारा वॉर्डबॉय होता, अंगाला फिनेलचा वास. हात पट्ट्यांत बांधलेले, म्हणून तो भरवायला बसे. रोटीची कोर मोडायची, डाळीत बुडवायची, आपल्या ओठाला लावून कढत आहे का पाहायची, आणि मग पुढे करायची. म्हणायचा, "गरम नहीं, पुत्तर." पहिल्या दिवशी आबांनी तोंड मिटून घेतलं. त्यानं जबरदस्ती केली नाही. हात तसाच धरून बसून राहिला. म्हणाला, माझा पोरगा ढाक्याला होता, आता तुमच्याकडे कैदेत आहे. त्यालाही कोणी भरवत असेल. आबांना तो डाव वाटला, बोलतं करायचा. लढाई कधीच संपली होती, पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि याच्या तोंडून ते खरं वाटत नव्हतं. पण भूक. तोंड उघडलं.

"रोज भरवे," आबा म्हणाले. "अन् मी घास चावता चावता मनात म्हनो, आपले इमानं येऊ दे. अठीच बाँब टाकू दे. बठ्ठं उडू दे."

"पण तुम्ही तिथेच होता ना?"

"होतो ना."

"आणि तो?"

"तो बी. त्याचं बोट माह्या तोंडात राहे, बाई, अन् मी हे म्हनो." त्यांनी केळ्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "लढाई सरली होती. मी एकटाच लढू राह्यलो होतो, पडल्या पडल्या."

मग गाव, पार, लुगडं, मामा. "मामानं वाटी आनली. मी पाहो, हा ओठाले लावून पाहते का. नही लावला. मंग तोंडच उघडेना. मामा बिचारा चांगला होता. काय सांगू त्याले?"

त्या म्हाताऱ्याचं नाव विचारलं होतं का? नाही. त्याचा पोरगा? "ते बी सुटले म्हने मांगून. त्यातला कोनता त्याचा, काय माहीत." आणि त्या पोराला इकडे कुणी भरवलं का, हे मी विचारणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता, इतक्या वर्षांनी झिजून गुळगुळीत झालेला. मी दुसरं विचारलं. "मग आबा, परवा थांबवली ते बरं झालं की नाही?"

"नवऱ्याले इचार. तो शिकेल हाये." आणि मग, मी हलत नाही पाहून, "मले तठी इचारलं असतं तर मी चालू ठेवा म्हनलो असतो. गिलासापाशी मानूस दुसरं काय म्हनीन? अन् भरोनाऱ्याले इचारलं असतं तर तो थांबवा म्हनला असता, त्याचं लेकरू अडकेल होतं. खरं कोनाचं, मले अजून उमगलं नही." रेवानं त्यांच्या हातातल्या केळ्याकडे मान पुढे केली. त्यांनी हात चटकन मागे घेतला, मामाचा मान म्हणून. "पोरगी भुकेजली," ते म्हणाले. "उचल तिले."

मला वाटलं होतं आबा मला काहीतरी देतील, योगराजपुढे ठेवता येईल असं. त्यांनी काहीच दिलं नाही आणि तरी माझं ओझं थोडं हललं. त्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्याचं मतही पोरगा कुठे अडकलाय यावरच ठरलं होतं. पण त्या मतानं त्याला रोज उठवून एका शत्रूपाशी बसवलं. माझ्या मतानं मला कुठे बसवलं होतं? टीव्हीसमोर. मंगळवारभर मी हे भांडी घासताना, लंगोट वाळत घालताना, रेवाला थोपटताना डोक्यात फिरवत राहिले, आणि फोन वाजला की हातातलं टाकून धावत राहिले. दोनदा आईचा, एकदा गॅसवाल्याचा.

बुधवारी सकाळी कुकरच्या शिट्टीत अनोळखी नंबर वाजला.

"ताई, कशी शे?"

मी गॅस बंद केला. आम्ही भावंडं एकमेकांशी धुळ्याचीच भाषा बोलतो, आणि ती मला एकदम बोलता येईना. "तू कसा?"

"बठ्ठं बरं शे. भाचीनं उष्टावण व्हयनं का?"

"नई. तुनी वाट पाही राह्यनूत."

"येडी शे का तू? पोरले उपाशी ठेवस? माले सुट्टी कव्हय भेटी काय माहीत. कोनीबी भरवा."

मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. मला किती विचारायचं होतं. काय पाहिलंस, कुणाला पाहिलंस, थांबलं ते तुला बरं वाटलं का? तोंडातून निघालं, "प्रेम, तुझे हात बरे आहेत ना?"

"हात?" तो हसला. "हातले काय व्हयनं?" आणि फोन ठेवला.

योगराज डबा घेऊन कामावर निघाला होता; तो चपला काढून परत आत आला. सासूबाईंनी डोळे पुसत दिवा लावला आणि लगेच नेहमीच्या झाल्या. "मामानेच सांगितलंय तर आता थांबायचं नाही. आबांनाच भरवू दे. पण म्हणावं, या खेपेला वाटी खिशात घालू नका." पाट नाही, रांगोळी नाही, फोटोही नाही. कुकरमधला मऊ भात, वर वरण, तुपाचा थेंब. मी रेवाला मांडीवर घेऊन आबांच्या खुर्चीसमोर खाली बसले. त्यांनी अवघडलेल्या बोटांनी भाताची चिमूट दाबली, उचलली, आणि आपल्या खालच्या ओठाला टेकवली. मी इतके दिवस पाहत आलेली तीच सवय. योगराज मागे उभा होता; त्याला यातलं काही माहीत नव्हतं, मी रात्री सांगणार होते.

घास पुढे आला. रेवानं तो पाहिला, आबांना पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"अगं बाई, घे ना," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे," आबा म्हणाले. "घाई काय?" त्यांचा हात मागे गेला नाही; तिथंच, तिच्या तोंडापासून वीतभर, धरलेला राहिला. मग आबा हळूच, तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "गरम नहीं, पुत्तर."

रेवानं तोंड उघडलं.